राग उतरला, मत तिथेच आहे

राजकारणावरून येणारा राग हा जरा वेगळाच प्रकार आहे. रस्त्यात कोणी गाडी आडवी घातली तर येणारा राग दहा मिनिटांत उतरतो, ऑफिसमधल्या कटकटीचा राग घरी पोचेपर्यंत अर्धा झालेला असतो, पण "त्यांच्या" बाजूचं कुणी टीव्हीवर बोलायला लागलं की जो चढतो तो काही केल्या उतरत नाही, आणि खरं सांगायचं तर तो उतरावा असं आपल्याला वाटतही नाही. आपण त्याला जपतो. आंघोळ करताना मनातल्या मनात त्या माणसाशी वाद घालतो, दरवेळी आपणच जिंकतो, समोरचा गप्प होतो, खाली मान घालतो, आणि एवढं जिंकूनसुद्धा बाहेर येईपर्यंत डोकं तापलेलंच असतं.

हा वाद ज्याच्याशी चाललेला असतो तो माणूस आहे कुठे पण? त्याचे डायलॉग आपणच लिहिलेले, त्याचा चेहरा आपणच दिलेला. थोडा त्या टीव्हीवाल्याचा, थोडा फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी फॉरवर्ड टाकणाऱ्या मामांचा, थोडा कुठल्यातरी अनोळखी अकाउंटचा ज्याचा डीपी म्हणजे नुसता झेंडा आहे. असं सगळं जोडून एक पुतळा तयार होतो आणि मग आपण वर्षानुवर्षं त्या पुतळ्यावर चिडत राहतो.

याच्यावर डग्लस अहलर आणि गौरव सूद या दोघांचा एक अभ्यास आहे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अगदी साधे प्रश्न विचारले. रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी किती टक्के लोक वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कमावत असतील? लोकांचा सरासरी अंदाज ३८ टक्के. खरा आकडा २ टक्क्यांच्या आसपास. डेमोक्रॅट समर्थकांपैकी समलिंगी किंवा उभयलिंगी किती? अंदाज ३२ टक्के, खरा आकडा ६ च्या जवळपास. म्हणजे एका बाजूच्या डोक्यात दुसरी बाजू म्हणजे शेठजींची पार्टी आणि दुसरीच्या डोक्यात पहिली म्हणजे अजून काहीतरी, आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे बहुतेक साधी, नोकरीधंदा करणारी, महिनाअखेरीला हिशोब लावणारी माणसं. पुढच्या वर्षी "मोअर इन कॉमन" नावाच्या संस्थेने असंच काहीसं मोजलं, फक्त इथे मतांबद्दल विचारलं होतं. विरोधकांपैकी साधारण ५५ टक्के लोकांची मतं टोकाची असतील असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं, निघाले ३० टक्के. आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे जे लोक बातम्या जास्त बघतात त्यांचा अंदाज जास्त चुकत होता. जो माणूस दिवसभर न्यूज लावून बसतो आणि "मला सगळं माहिती आहे यांचं" म्हणतो त्यालाच समोरच्याची सगळ्यात कमी माहिती. हे वाचलं तेव्हा दोन-चार ओळखीचे चेहरे डोळ्यांपुढे आले, नावं अर्थातच सांगत नाही.

बरं, पुतळा का होईना, पण त्याच्यावर चिडून आपल्याला मिळतं काय? मला वाटतं मिळतं. भरपूर मिळतं. काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. रात्री अकरा वाजता कुठल्यातरी पोस्टखाली तावातावाने चार ओळी टाइप केल्या, पन्नास लाइक आले, छाती जरा वर झाली, झोपलो. त्या चार ओळींनी कुठला कायदा बदलला, कुठल्या शाळेला मास्तर मिळाला, कुणाचं मत फिरलं? काहीच नाही. पण शरीर दमलेलं असतं ना, हृदय धडधडलेलं असतं, म्हणून वाटतं की आपण आज लढलो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत राग हा राजकारण करण्याच्या ऐवजी येतो. ज्यांना मी खरोखर मैदानात काम करताना बघितलंय, म्हणजे याद्या तपासणारे, सरकारी कचेरीत खेपा घालणारे, माहिती अधिकाराचे अर्ज भरणारे, सभेला खुर्च्या लावणारे, ती माणसं आपल्याइतकी चिडलेली नसतात. त्यांना वेळच नसतो. शिवाय त्यांना समोरच्या पार्टीच्या कार्यकर्त्याशी रोज काम पडतं, त्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये असतो. सगळ्यात जास्त संताप असतो तो सोफ्यावर.

आता लगेच कोणीतरी म्हणणार, तुम्हाला बरंय, तुमचं काही जात नाही, म्हणून राग सोडायच्या गप्पा. हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येत नाही. ज्याच्या अंगावर निर्णय येऊन पडतो, ज्याचं घर जातं, ज्याला त्याच्या जन्मावरून रोज ऐकून घ्यावं लागतं, त्याच्या रागाला मी शहाणपण शिकवायला जाणार नाही. आपल्याकडे ही एक सवयच आहे, सोसणाऱ्यालाच शांतीचा उपदेश करायचा. अंगावर थुंकणाऱ्यावर न चिडता पुन्हा पुन्हा नदीवर जाऊन आंघोळ करणाऱ्या एकनाथांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण ती स्वतःला सांगायची गोष्ट आहे, ज्याच्यावर कोणी थुंकलंय त्याला ऐकवायची नाही. मी बोलतोय तो दुसरा राग, आपला तो सुखवस्तू, सोफ्यावरचा.

पण मग ज्यांचा राग शंभर टक्के खरा होता त्यांनी काय केलं हेही बघू या, कारण तिथेच खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे.

डॉ. आंबेडकरांना काँग्रेसबद्दल काय वाटत होतं हे काही गुपित नव्हतं. १९३२ च्या पुणे कराराची कटुता होती, काँग्रेसने अस्पृश्यांसाठी काय केलं यावर १९४५ मध्ये त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं होतं, आणि ते काही गोडीगुलाबीचं नव्हतं. असा माणूस १९४६ च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत बसलाय, समोर काँग्रेसचं प्रचंड बहुमत, मुस्लिम लीगचा बहिष्कार, नेहरूंचा घटनेच्या उद्दिष्टांचा ठराव चर्चेला, आणि समितीतलेच एक सदस्य बॅरिस्टर जयकर यांनी सुचवलेलं की लीग आणि संस्थानांचे लोक येईपर्यंत जरा थांबू या. वातावरण असं की थांबा म्हणणाऱ्यावरच सगळे चिडलेले. १७ डिसेंबरला आंबेडकर बोलायला उठले आणि काय म्हणाले, तर आज आपण राजकीय, सामाजिक, आर्थिक सगळ्या दृष्टीने विभागलेले आहोत, एकमेकांशी लढणाऱ्या छावण्या आहोत, आणि अशाच एका छावणीचा मी बहुधा एक पुढारी आहे. हे वाक्य मी अनेकदा वाचलंय. यात आपण सगळे एकच आहोत वगैरे खोटा गोडवा नाही. मी तुमच्या विरोधातला आहे हे उघड कबूल आहे. आणि त्याच भाषणात पुढे ते सांगतात की वेळ आणि परिस्थिती आली तर हा देश एक होईल याबद्दल मला शंका नाही, आणि घोषणा बाजूला ठेवू या, विरोधकांच्या पूर्वग्रहांना थोडी सवलत द्यावी लागली तरी देऊ या, म्हणजे ते आपणहून आपल्याबरोबर चालायला लागतील.

पूर्वग्रहांना सवलत! आजच्या भाषेत हे कोणी म्हटलं तर दोन्हीकडून ट्रोल होईल. ज्या सभागृहात विरोधकच जास्त होते तिथे या भाषणाला दाद मिळाली.

पुढचं तर आणखी विचार करायला लावणारं आहे. फाळणीमुळे बंगालमधून मिळालेली त्यांची जागा गेली, तेव्हा त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून आणायची व्यवस्था काँग्रेसनेच केली, राजेंद्र प्रसादांनी मुंबई सरकारचे तेव्हाचे प्रमुख बाळासाहेब खेरांना पत्र लिहून तसं कळवलं. जयकरांनी सोडलेल्या जागेवर ते आले. ऑगस्ट १९४७ मध्ये ते स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात कायदेमंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांना माफ केलं होतं का? मला नाही वाटत. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही, मतं बदलली नाहीत. पण समोर असं काम होतं की जे एकट्याच्या छावणीत बसून होणार नव्हतं. आणि जेव्हा हिंदू कोड बिलावर काम पुढे सरकेना तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, कारणं स्पष्ट मांडली, बाहेर पडले, आणि पुढच्याच निवडणुकीत त्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध लढले. हरले. म्हणजे राग आवरून एकत्र काम करणं, आणि काम अडलं की उठून जाणं, दोन्ही एकाच माणसाने केलं. समान भूमी, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून उभं राहता येईल अशी जागा, हे कायमचं घर नव्हे हे मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं. जेवढं काम आहे तेवढा वेळ तिथे थांबायचं.

नाहीतर आपल्याला समान भूमी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती दोन्ही मतांच्या बरोब्बर मधे मारलेली एक खूण. तू दहा म्हण, मी शून्य म्हणतो, चला पाच. हे कधी कधी चालतं, बजेट वाटताना वगैरे, पण तत्त्वाच्या प्रश्नावर हा निव्वळ आळस आहे. एक जण म्हणतो अमुक लोकांना माणसासारखं वागवा आणि दुसरा म्हणतो नको, तर त्याच्या मध्यावर काय आहे, अर्ध्या माणसासारखं वागवा? "दोन्ही बाजू सारख्याच" म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच कंटाळा येतो, ते समंजस वाटतात पण त्यांनी फक्त विचार करायचं टाळलेलं असतं.

दुसरा एक सोपा उपाय सगळे सुचवतात, समोरच्याचं ऐका, त्यांचे चॅनल बघा, त्यांच्या लोकांना फॉलो करा. ऐकायला छान आहे. ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खरंच करून बघितलं, त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. ट्विटरवरच्या लोकांना पैसे देऊन महिनाभर विरोधी विचारांच्या पोस्ट फिरवणारं एक बॉट (म्हणजे आपोआप चालणारं) अकाउंट फॉलो करायला लावलं. महिन्यानंतर रिपब्लिकन लोक आणखीच कट्टर झाले होते, आणि डेमोक्रॅटसुद्धा आपल्याच बाजूला आणखी किंचित सरकले पण तो फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. म्हणजे मवाळ कोणीच झालं नाही. आणि का होईल? फीडवर जे दिसतं ते म्हणजे दुसऱ्या बाजूचे सगळ्यात मोठ्याने ओरडणारे. रोज सकाळी विरोधकांमधला सगळ्यात वाईट माणूस बघायचा आणि मग मनात प्रेम निर्माण व्हायची वाट बघायची, असं कसं चालेल.

ऐकण्याचा फायदा होतो तो वेगळ्या प्रकारच्या ऐकण्याचा, आणि त्याची गोष्ट जरा मसालेदार आहे. २०१४ च्या शेवटी "सायन्स" या नावाजलेल्या जर्नलमध्ये एक पेपर आला की दारावर जाऊन केलेल्या एका छोट्या संभाषणाने लोकांची समलिंगी विवाहाबद्दलची मतं बदलतात आणि बदललेली राहतात. गाजावाजा झाला. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला या दोन तरुण संशोधकांना तसंच काहीतरी करायचं होतं, त्यांनी आकडे तपासायला घेतले आणि लक्षात आलं की यात काहीतरी गडबड आहे, डेटा खरा वाटतच नाही. बोंब झाली, २०१५ मध्ये पेपर मागे घेतला गेला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण याच दोघांनी मग स्वतः मायामीत खराखुरा प्रयोग केला, ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहावर, आणि २०१६ मध्ये त्याच जर्नलमध्ये छापला. निकाल असा की साधारण दहा मिनिटांच्या संभाषणाचा परिणाम निदान तीन महिने टिकला. त्या दहा मिनिटांत भाषण नव्हतं, आकडेवारीचा मारा नव्हता. दारात उभा असलेला माणूस विचारायचा की तुम्हाला कधी कोणी तुम्ही वेगळे आहात म्हणून कमी लेखलंय का, आणि मग उत्तर ऐकून घ्यायचा. लोक बोलायचे. आपल्या स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगता सांगता त्यांचं त्यांनाच काहीतरी जाणवायचं. यात कोणीही कोणाला हरवत नाही हे लक्षात घ्या, आणि म्हणूनच हे आपल्याला इतकं अवघड जातं, आपण बोलायला बसतो तेच स्कोअर लावून.

आणखी एक प्रयोग आहे जो बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका उन्हाळी शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले, ईगल्स आणि रॅटलर्स. आधी एकमेकांना माहीतच नव्हतं की दुसरा गट आहे. मग स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली, आणि थोड्याच दिवसांत मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी घातल्या. मग त्यांना एकत्र बसवून सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला घातलं, काही उपयोग नाही, जेवताना अन्न फेकाफेकी. फरक पडला तो पाण्याची लाइन बंद पडली आणि ट्रक चालू होईना तेव्हा, कारण सगळ्यांनी मिळून जोर लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ज्या दोराने रस्सीखेच खेळले होते त्याच दोराने ट्रक ओढला. हा भाग सगळे सांगतात.

न सांगितला जाणारा भाग आदल्या वर्षीचा आहे. १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात शेरीफने असंच शिबिर भरवलं होतं आणि ते फसलं. तिथे मुलांना गट पाडायच्या आधी काही दिवस एकत्र राहू दिलं होतं, मैत्री झाली होती. मग गट पाडले, भांडणं लागावीत म्हणून मोठ्यांनीच चोरून खोड्या काढल्या, सामानाची नासधूस केली, वाटलं की मुलं एकमेकांवर आळ घेतील. मुलांनी आपसात बोलून ठरवलं की हे आपल्यापैकी कोणाचं काम नाही, हे त्या मोठ्या लोकांचंच काम असणार. आणि बरोबर होतं त्यांचं!

मला या फसलेल्या प्रयोगाइतकं आशादायक काही वाचल्याचं आठवत नाही. ओळख आधी झाली असेल तर भांडण लावणाऱ्याचा संशय आधी येतो, शेजाऱ्याचा नंतर. आपलं उलटं झालंय. आपण विरोधकाला भेटतो तेच त्याचं लेबल वाचून, माणूस नंतर कळला तर कळला. टिळक आणि गोखल्यांचं बघा ना, १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जोडे-खुर्च्या फेकण्यापर्यंत गोष्टी गेल्या, पक्ष फुटला, हे दोघे दोन बाजूंना. वर्तमानपत्रांतून एकमेकांवर केलेली टीका तर विचारूच नका. पण १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा स्मशानात टिळक बोलले, हा भारताचा हिरा होता, महाराष्ट्राचं रत्न होतं असं म्हणाले. याला काही लोक मृत्यूनंतरचा शिष्टाचार म्हणतील. असेल थोडा. पण एकाच शिक्षणसंस्थेत एकेकाळी बरोबर काम केलेली माणसं होती ती, गोखले किती राबतात हे टिळकांना माहीत होतं, ते काही कोणत्या व्हिडिओत बघितलेलं नव्हतं.

तर माझ्यापुरतं मी काय करतो. फार काही नाही. बातम्या वाचतो पण पडद्यावर चार माणसं एकाच वेळी ओरडत असतील तर बंद करतो, त्यातून आजपर्यंत नवीन काही कळलेलं नाही. कोणी काही टोकाचं बोललं तर "हे तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?" एवढंच विचारतो, आणि बऱ्याचदा पुढून राजकारण येतच नाही, बदली येते, हुकलेलं प्रमोशन येतं, भावाभावातली वाटणी येते. आणि एखाद्या प्रश्नावर राग खरंच आवरत नसेल तर त्यावर काहीतरी काम शोधतो, अगदी बारीकसं का होईना, ते सापडलं नाही तर तो राग नुसता शोभेचा आहे असं समजतो. हे जमतंच असं नाही. एक जुना मित्र आहे, त्याने एका समाजाबद्दल जे लिहिलं ते मला अजून गिळता येत नाही आणि त्याच्याशी मी समान भूमी वगैरे शोधत नाहीये, नमस्कार-चमत्कार आहे, बास. सगळ्यांशी सगळं जुळलंच पाहिजे असा नियम कुठे आहे.

चुलतभावाशी मात्र गाडी रुळावर आहे. दादा आणि मी गेली कित्येक वर्षं विरुद्ध पार्ट्यांचे, वाद इतके की घरातले आम्हाला शेजारी बसवत नाहीत. आमच्या वादात एका पुढाऱ्याचं नाव हमखास यायचं, माझ्या बाजूचा, दादाला त्याचं नाव काढलं तरी ताप यायचा, भ्रष्ट आहे, लुटारू आहे, आणि मी जिवाच्या आकांताने त्याचा बचाव करायचो, कामं केलीत, अभ्यासू आहे. तर हा पुढारी मध्यंतरी एका रात्रीत दादाच्या पार्टीत गेला. सकाळी हारतुरे, स्वागत, विकासासाठी निर्णय घेतला वगैरे नेहमीचं. ग्रुपवर शुकशुकाट, दोघांपैकी कोणीच काही टाकेना. दुपारी दादाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, एकदम म्हणाला, "काय रे, आता याला शिव्या तू घालायच्या की मी?"